आभाळातून आलेलं: पुणे ते लोणार

गुरुवार, गणेशखिंड

लोणारचं उल्काविवर बघायला निघण्याआधीचा दिवस विद्यापीठाच्या आवारात घालवायचा, हा हट्ट माझा. ताई म्हणाली, "अगं, विवर बघायला निघालोय ना आपण? विद्यापीठात काय ठेवलंय?" तिला म्हटलं, आभाळातून खाली काय काय येतं या प्रश्नाचा एक मोठा धागा आपल्या पुण्यातच आहे. तो आधी बघ, मग विवराकडे बघताना तुझी नजर वेगळी असेल.

आयुकात, म्हणजे तिथल्या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात, शिरायची परवानगी आधीच काढून ठेवली होती. चार्ल्स कोरियांनी आखलेली ती काळ्या दगडाच्या भिंतींची वास्तू, मधलं कुंड, कुंडाभोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन. भाची सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने आर्यभटांपाशी उभं राहून फोटो काढून घेतला, आणि तिथेच मी तिला फुग्याची गोष्ट सांगितली.

जयंत नारळीकरांनी १९८८ साली ही संस्था उभी केली. २० मे २०२५ रोजी पुण्यातच ते गेले. विश्वाच्या उत्पत्तीवरच्या त्यांच्या कामाबद्दल पुष्कळ बोललं जातं, पण मला त्यांचं आणखी एक काम फार मोलाचं वाटतं. पृथ्वीवरच्या जीवसृष्टीचं बी बाहेरून आलं असेल का, हा प्रश्न त्यांनी गप्पांच्या पातळीवर ठेवला नाही. तो तपासायची व्यवस्था केली. इस्रोच्या पाठबळावर २००१ साली आणि पुन्हा एप्रिल २००५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) हैदराबादच्या केंद्रातून एक प्रचंड फुगा सोडला गेला. त्याच्याखाली निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या, द्रवरूप निऑनमध्ये थंड केलेल्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवर एकेका नळीची झडप उघडायची. आत इतकी थंडी, की बाहेरची विरळ हवा ओढली जाऊन आत गोठते. झडप बंद, पुढची नळी.

दुसऱ्या खेपेला खाली आणलेल्या नमुन्यांची तपासणी दोन ठिकाणी स्वतंत्रपणे झाली, हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत आणि आयुकापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात, म्हणजे आपल्या एनसीसीएसमध्ये. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. त्यांतले ३ जिवाणू तोवर कुणालाच माहीत नव्हते. २००९ साली त्यांची नावं जाहीर झाली: जॅनिबॅक्टर हॉइली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय. पहिल्यात नारळीकरांचे गुरू, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांची आठवण, दुसऱ्यात इस्रोची. तिसरं नाव ऐकल्यावर भाचीने पुन्हा एकदा पुतळ्याकडे पाहिलं.

या तिघांना अतिनील किरणं त्यांच्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा जास्त सोसतात. एवढ्यावरून ते परग्रहाचे ठरत नाहीत, आणि इस्रोनेही तसं म्हटलं नाही. बाहेरून आल्याचं यातून सिद्ध होत नाही, पण शोध चालू ठेवावा इतका हुरूप नक्की येतो, एवढंच त्यांचं म्हणणं. मला ही सावधता फार आवडते. ४० किलोमीटरवर जिवाणू खालून वर गेले की वरून खाली येत होते, हे आजही उघडंच आहे. आयुका ते एनसीसीएस तो रस्ता आम्ही मुद्दाम पायी गेलो.

संध्याकाळी कोथरूडला गच्चीवर दुसरा उद्योग. पावसाचं पाणी ज्या भोकातून पन्हाळीत उतरतं, तिथे साचलेल्या गाळात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लोहचुंबक फिरवला. पिशवी उलटी केली तर कागदावर चिमूटभर काळी पूड. भाचीच्या छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक कण ओबडधोबड, कोनेदार. दोन कण गोल निघाले तशी ती ओरडलीच, "मावशी, हे बघ!"

गोल कण म्हणजे वितळून थिजलेला कण, इतकंच नक्की. वातावरणात शिरताना वितळलेली अवकाशातली धूळ असते तशी वेल्डिंगची ठिणगीही असते. पुण्यात तर अडचण दुप्पट, कारण आपला काळा पाषाण झिजला की त्यातलं मॅग्नेटाइट धुळीत उतरतं आणि तेही चुंबकाला चिकटतं. यॉन लार्सन हा नॉर्वेचा जॅझ वादक. शहरांतल्या छपरांवरच्या कचऱ्यातून खरे सूक्ष्म उल्काकण वेगळे काढता येतात, हे त्याने वर्षानुवर्षं चाळण मारून दाखवलं, आणि २०१७ साली शास्त्रज्ञांसोबत ते प्रसिद्धही झालं. अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या मोजणीवरून २०२१ मध्ये काढलेला अंदाज असा, की असे सुमारे ५,२०० टन कण दर वर्षी पृथ्वीवर पोचतात. उल्कापाषाणांचं वजन याच्यासमोर किरकोळ. भाचीने दोन्ही गोल कण डबीत जपून ठेवलेत, पुढची तपासणी कॉलेजात करायची म्हणून.

शुक्रवार, रस्ता

पहाटे निघालो. वाघोली उजाडायच्या आत मागे पडली की नगर रस्ता सुसह्य होतो, हे भावोजींचं गणित. सुप्यापाशी पोहे आणि चहा, मग अहिल्यानगर, नेवासा, संभाजीनगर, जालना. पुण्यापासून लोणार पावणेचारशे-चारशे किलोमीटर भरतं. वाटेत कुठेही थांबा, पायाखाली एकच खडक. दख्खनच्या लाव्हाचे थर. उद्या जो खड्डा बघायचा तो याच खडकात आहे, आणि तेच त्याचं वैशिष्ट्य. पृथ्वीवर बेसॉल्टमध्ये, म्हणजे याच काळ्या पाषाणात, झालेली आणि इतकी चांगली टिकलेली आघात-विवरं फार थोडी. चंद्र आणि मंगळ यांवरचे लाव्हाचे प्रदेशही बेसॉल्टचे, म्हणून तिकडची विवरं समजून घ्यायला जगभरचे अभ्यासक लोणारला येतात.

सिंदखेडराजाला न थांबता पुढे जाणं शक्यच नव्हतं. लखुजीराव जाधवांच्या वाड्यात जिजाऊंच्या जन्मस्थानी डोकं टेकवलं. तिथे ओसरीवर बसल्याबसल्या भावोजींनी विचारलं, "आभाळातल्या लोखंडाच्या तलवारी करायचे म्हणतात, ते खरं का?" खरं आहे. जिजाऊंच्याच हयातीतली गोष्ट. एप्रिल १६२१ मध्ये जालंधरच्या भागात उल्का पडली. जहांगीर बादशहाने ते लोखंड मागवून घेतलं आणि त्यात साधं लोखंड मिसळून हत्यारं घडवून घेतली. नुसतं उल्केचं लोखंड घणाखाली टिकेना, असं त्याने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय. तुतनखामेनच्या थडग्यातला खंजीरही उल्केच्या लोखंडाचा आहे, त्यातलं निकेलचं प्रमाण तपासून ते ठरलं. खाणीतून लोखंड गाळायची विद्या येण्याआधी माणसाच्या हाती लागलेलं लोखंड बहुतांशी आभाळातून पडलेलंच.

दुसरबीडवरून पुढे लोणारला पोचेस्तोवर ऊन कललं होतं. एमटीडीसीच्या निवासात सामान टाकलं आणि थेट कडेवर गेलो. विवराची कड भोवतालच्या रानापेक्षा चांगलीच उंच आहे. त्यामुळे अखेरच्या पावलापर्यंत समोर काय आहे ते कळत नाही, आणि मग एकदम जमीनच संपते. १.८ किलोमीटर रुंदीचं जवळजवळ गोल भगदाड, आत गर्द झाडी, तळाशी हिरवं पाणी. ताई बराच वेळ काही बोललीच नाही.

शनिवार, विवराच्या आत

गाइड काका इथलेच. सकाळी फाटकातून आत शिरलो तेव्हा त्यांनी पहिलंच सांगितलं, "दगड उचलायचा नाही, पाणी न्यायचं नाही. अभयारण्य आहे." उतरताना त्यांनी कडेच्या खडकाकडे बोट दाखवलं. आपल्या सह्याद्रीत लाव्हाचे थर कसे आडवे, फळीसारखे सरळ असतात. इथे ते कडेपाशी बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. ज्वालामुखीचं तोंड म्हणून या खड्ड्याकडे बघणाऱ्यांना हे कललेले थर पुरेसे वाटले नाहीत. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली याची नोंद केली. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं वाद चालला.

निकाल लागला १९७३ साली, एका काचेवरून. तळ्याखाली छिद्रं पाडून काढलेल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडलं. खडकातलं फेल्डस्पार हे खनिज अतिप्रचंड दाबाच्या लाटेखाली आलं की न वितळताच त्याची स्फटिकरचना मोडून काच बनते, ती ही. ज्वालामुखीत इतका दाब येऊच शकत नाही. आणि ही काच पहिल्यांदा ओळखली गेली ती कुठे, तर बिहारमधल्या शेरघाटीला १८६५ साली पडलेल्या उल्कापाषाणात. तो दगड मंगळावरून आलेला होता, हे फार नंतर समजलं. मंगळावरचा घाव घेऊन बिहारात पडलेला दगड लोणारचा दाखला ठरावा, याने मी प्रत्येक वेळी थक्क होते.

भावोजींनी काकांना तो प्रश्न विचारला जो प्रत्येक जण विचारतो. "मग तो दगड कुठाय?" काका म्हणाले, "साहेब, दगड राहिलाच न्हाई. वाफ झाली त्याची." अगदी बरोबर. बाहेरून येणारी वस्तू सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने आदळते. त्या ऊर्जेत ती स्वतः जवळपास सगळी वितळते, तिची वाफ होते, आणि तिच्या कितीतरी पट मोठा खड्डा मागे राहतो. तिचा अंश उरलाय तो आजूबाजूच्या मातीतल्या बारीक काचमण्यांत, निकेलसारख्या धातूंच्या जास्तीच्या प्रमाणात. हातात धरता येईल असा उल्कापाषाण हवा असेल तर तो हळू पडलेला, लहान हवा. २२ मे २०१२ रोजी काटोलजवळ पडले तसे. काटोलच्या दगडात पुढे ब्रिजमनाइट सापडलं. पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल असलेलं, आपल्याला कधी हाती न लागणारं खनिज. खालचं बघायला वरून आलेला दगड उपयोगी पडला.

विवराचं वय मात्र अजून भांडणात आहे. एका पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षं, दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५,७०,००० वर्षं. मला दुसऱ्या, खडकातल्या आर्गॉन वायूवरून वय काढायच्या पद्धतीवर जास्त विश्वास वाटतो, पण फलकांवर आणि माहितीपत्रकांत अजून पहिलाच आकडा चालतो.

पाण्याच्या कडेला पोचलो तशी भाची पुढे झाली. कॉलेजातून आणलेल्या पीएच कागदाची पट्टी तिने बोटांच्या चिमटीत धरून पाण्याला टेकवली. पिवळी पट्टी क्षणभर हिरवट झाली आणि मग गडद निळी होत गेली. डबीवरच्या रंगांशी ताडून तिने सांगितलं, "दहा तरी आहे, मावशी." साबणाच्या पाण्याइतकं अल्कधर्मी. पायाखाली चिखल मऊ, वर पांढरट साय धरलेला, आणि वास उग्र. वरच्या धारेवर, गोमुखातून बारमाही पडणाऱ्या झऱ्यावर, सकाळी लावलेली पट्टी हिरवीच राहिली होती. एकाच विवरात दोन पाणी. काका म्हणाले, कमळजादेवीच्या देवळापाशी सासू-सुनेची विहीर आहे, तिच्यात एका बाजूला गोडं आणि दुसऱ्या बाजूला खारं पाणी येतं.

हा खार उल्केने आणला असं इथे सर्रास सांगतात. तसं नाही. आभाळाने फक्त वाटी करून दिली. झऱ्यांचं आणि पावसाचं पाणी बेसॉल्टमधला सोडा विरघळवून आत आणतं, बाहेर जायला वाट नाही, ऊन पाणी नेतं आणि सोडा मागे राहतो. उन्हाळ्यात काठावर साचणारा हा खार पूर्वी गोळा होत असे, पापडी, भुसकी अशी त्याच्या प्रकारांना नावं होती, आणि तो साबणाला, काचेला जाई. त्या खारातलं सोड्याचं एक मुख्य खनिज म्हणजे ट्रोना.

या ट्रोनासाठीच मी लोणारला यायला इतकी आसुसले होते. नासाच्या यानाने बेन्नू या लघुग्रहावरची माती सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर आणली. जानेवारी २०२५ मध्ये तिचा पहिला मोठा अहवाल आला. त्या मातीत खारं पाणी आटून मागे राहिलेल्या क्षारांचे थर निघाले, आणि त्यांत ट्रोना होतं. अवकाशातून आलेल्या नमुन्यात ते पहिल्यांदाच दिसलं. म्हणजे बेन्नू ज्या मोठ्या पिंडाचा तुकडा आहे, त्याच्या पोटात साडेचार अब्ज वर्षांपूर्वी सोड्याच्या पाण्याची डबकी होती, लोणारच्या जातीची. त्याच मातीत सजीवांच्या प्रथिनांत लागणाऱ्या २० अमिनो आम्लांपैकी १४ सापडली, आणि डीएनए-आरएनएला लागणारे पाचही नायट्रोजनयुक्त पायारेणू सापडले. १९६९ साली ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसनला पडलेल्या दगडात अमिनो आम्लं मिळाली होतीच, पण तो दगड जमिनीवर पडलेला, इथला संसर्ग झाला असेल अशी शंका घेता येई. बेन्नूची माती बंद डब्यातून आली. तिथे ती शंका फार क्षीण होते.

जीव तिथे होता असं यातून निघत नाही. जीव घडायला लागणारा शिधा तिथे तयार होत होता, आणि तसले दगड कोवळ्या पृथ्वीवर सतत पडत होते, इतकं निघतं. आपल्या समुद्रांच्या पाण्याचा काही भागही त्या वाटेने आला असावा. जड हायड्रोजनचं प्रमाण ताडून बघितलं तर कार्बनयुक्त उल्कापाषाणांतलं पाणी समुद्राच्या पाण्याशी बरंच जुळतं. युरोपचं रोझेटा यान ज्या धूमकेतूपाशी गेलं, त्याच्या पाण्यात ते प्रमाण सुमारे तिप्पट निघालं. सगळे धूमकेतू तसे नाहीत, पण लघुग्रहांचं पारडं सध्या जड आहे.

भाचीला यापेक्षा गुलाबी रंगाचं कुतूहल. जून २०२० मध्ये हे तळं अचानक गुलाबी झालं तेव्हा नमुने आपल्या पुण्यातच, आघारकर संशोधन संस्थेत आले. खारट पाण्यात फोफावणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव आणि त्यांचं गुलाबी रंगद्रव्य हे कारण त्यांनी काढलं. पाणी आटून खारटपणा वाढला तसे ते माजले, नवं पाणी आलं तसे बसले. आघाताने केलेल्या वाटीत, सोड्याच्या पाण्यात हे जीव मजेत नांदतात. बेन्नूच्या डबक्यांकडे बघायला याहून चांगली शाळा कोणती!

दुपारी गावात दैत्यसूदनाचं दर्शन घेतलं. बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम बघता बघता मान दुखते, पण पाय निघत नाही. लवणासुर या खड्ड्यात लपलेला, विष्णूने त्याच्या बिळावरचं झाकण पायाच्या अंगठ्याने उडवून त्याचा वध केला. तळ्यातलं पाणी त्याचं रक्त, खार म्हणजे त्याचं मांस. काकांनी ही कथा सांगितली ती देवळात हात जोडून, आणि सकाळी उल्केची वाफ झाल्याचंही त्यांनीच सांगितलं होतं. दोन्ही ते मनापासून सांगतात. ताईला ही कथा फार आवडली.

रविवार, परत

सकाळी मोठा मारुती. पहुडलेली मूर्ती, आणि ती लोहचुंबकी दगडाची आहे असं सांगतात. शेजारीच अंबर तळं, सुमारे ३०० मीटर रुंदीचं. मुख्य पिंडाचा फुटलेला तुकडा पडून ते झालं असा एक कयास आहे, सगळ्यांना तो पटलेला नाही.

कडेबाहेरच्या शेतांतून थोडं चाललो. आघाताने उडालेला मलबा कडेपासून सव्वा-दीड किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे. नाल्याच्या कापात तो दिसतो. लहान-मोठे दगड मातीत वेडेवाकडे रुतलेले, कुठलाच क्रम नाही. त्याच मातीत हरभरा उभा होता. शेतकरी मामांनी ओंजळभर हिरवे घाटे भाचीच्या हातात दिले, पैसे घेतले नाहीत. मग गाडी सुरू केली ती रात्री वाघोलीच्या गर्दीतच मंदावली.

सोमवार, वेताळ टेकडी

सुट्टीचा शेवटचा दिवस. सकाळी टेकडीवर, जुन्या खाणीच्या कडेला उभं राहून भाचीने विचारलं, "मावशी, डायनासोर कुणी मारले? आपल्या लाव्हाने की मेक्सिकोतल्या दगडाने?"

६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी सुमारे १० किलोमीटरचा एक पिंड मेक्सिकोत चिक्शुलूबला आदळला. विवर सुमारे १८० किलोमीटरचं. १९८० साली अल्वारेझ पितापुत्रांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीतल्या मातीच्या एका पातळ थरात इरिडियम हा दुर्मीळ धातू वाजवीपेक्षा फार जास्त असल्याचं दाखवलं. पृथ्वीचं इरिडियम तिच्या गाभ्यात बुडालेलं, म्हणून वर इतकं आलं तर ते बाहेरचं. पुढे जगभर त्याच पातळीवर तो थर मिळाला. त्याच सुमारास आपल्याकडे लाव्हा वाहत होता. तो आघाताच्या आधीच सुरू झाला होता, यावर वाद नाही. वाद पुढचा आहे. आघाताच्या हादऱ्याने दख्खनचा लाव्हा जोरात उसळला का? २०१५ साली काही संशोधकांनी तसं सुचवलं, आणि त्यांचा आधार होता दख्खनच्या सगळ्यात मोठ्या लोंढ्यांचा, ज्यांना भूशास्त्रात वाई उपगट म्हणतात. त्यातल्या थरांची नावं पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. २०१९ मध्ये दोन गटांनी वयं नव्याने मोजली. एकाच्या मते मोठा लोंढा आघाताच्या आधीच सुटला होता, दुसऱ्याच्या मते बहुतेक लाव्हा नंतर आला.

माझं मत असं, की मारलं दगडाने. सूर्य झाकला जाण्याइतकी धूळ आणि काजळी इतक्या थोड्या काळात लाव्हाने उडत नाही. सावरायला किती वेळ लागला, यात मात्र आपल्या लाव्हाचा हात असणार. भावोजींना हे पटलं नाही, ते लाव्हाच्या बाजूने उतरेपर्यंत भांडले. वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात हे थर रस्त्यालगतच उघडे दिसतात. पाऊस सुरू व्हायच्या आत तिथे जाऊन समोरासमोर बोलायचं ठरलंय.